तीनशे दहा ग्रॅमचा हात

माझं शुद्धलेखन चुकणार आहे, ते आधीच सांगून ठेवते. चौथीनंतर शाळा सुटली. पुढे हातात पेन आलं ते रेशनच्या फॉर्मवर सही करायला, नाहीतर कंदिलाच्या मालाचे आकडे मांडायला. अक्षरही वाईट आहे, ओळ वर चढत जाते. कामट्या तासून तासून उजव्या हाताचं पहिलं बोट वाकलं आहे, ते पेनाला नीट टेकत नाही. ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याने राग मानू नये. कुणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि जे तेव्हा बोलले नाही ते आत कुजत राहतं, म्हणून लिहिते.

तो मुलगा मला आवडला नव्हता. आजही आवडत नाही. एवढं एकदा लिहून टाकलं म्हणजे पुढचं नीट लिहिता येईल.

आमची खोली डिलाईल रोडच्या आतल्या चाळीत, दुसऱ्या माळ्यावर. नवरा गिरणीत सायझिंग खात्यात होता. सूत मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजतात, ते हे खातं. संप झाला तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती. संप संपला असं कुणी येऊन सांगितलं नाही, आणि गिरणीही पुन्हा लागली नाही. हे वाट बघत राहिले. पहाटे उठून आंघोळ करायची, धुतलेला सदरा घालायचा आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं. भोंगा झाला तर लगेच निघता यावं अशा बेताने. एक वर्ष मी समजून घेतलं, दोन वर्षं घेतलं. मग सोडलं. लालबागच्या एका व्यापाऱ्याकडून बांबू आणून मी आकाशकंदिलांचे सांगाडे बांधायला लागले. दिवाळी नसेल तेव्हा गणपतीची मखरं, तीही नसतील तेव्हा हारवाल्यांना लागणाऱ्या चौकटी. घर त्याच्यावर चाललं. संपानंतर दोन वर्षांनी झालेली मुलगी त्याच्यावरच इंजिनियरिंगपर्यंत पोचली.

आम्हा दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं. "बाबांना सांग, ताट वाढलंय." "आईक सांग, भूक नाय." पोरगी मधे उभी असायची आणि दोघांनाही काही सांगायची नाही, कारण दोघांनाही ऐकू आलेलं असायचं.

ती तिसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात रोबोची स्पर्धा आली. रोबो म्हणजे मला वाटलं पत्र्याचा माणूस. तर ती चार चाकांची गाडी होती आणि तिच्यावर एक हात. जमिनीवर पडलेल्या रबरी कड्या उचलायच्या आणि माणसाच्या छातीएवढ्या उंच खांबात ओवायच्या, तीन मिनिटांत जेवढ्या होतील तेवढ्या. सगळ्याचं मिळून वजन ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं तर मैदानात घेणार नाहीत. टीममध्ये सहाजण, पाच मुलगे आणि ही. मैदानात उतरायचे चौघंच. त्या चौघांच्या यादीत आपलं नाव हवं, एवढंच तिने धरलं होतं.

"त्याने काय मिळणार?" मी विचारलं.

"नोकरीला गेल्यावर विचारतात, आई. कागदावर काहीतरी लागतं. बाकीच्यांचे काका आहेत, मामा आहेत, फोन करणारे बाप आहेत. माझ्याकडे काय आहे?"

ती रागाने बोलली. गॅलरीतली खुर्ची करकरली.

टीमचा कॅप्टन प्रभादेवीचा. मोटरी, चाकं, बॅटरी यांचा खर्च त्याच्या घरून आला होता, म्हणून तो कॅप्टन. हाताचं काम त्याने माझ्या मुलीला दिलं, कारण ते कुणालाच नको होतं. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा हात त्यांनी आधी केला होता. तो लांब झाला की गाडी नाकावर पडायची. पडू नये म्हणून मागे वजन लावलं, तर सगळं मिळून आकड्याच्या वर गेलं. "अर्धं वजन कमी कर, मग यादीचं बघू," असं तो तिला म्हणाला होता.

तो हात घरी पोचवायला तो स्वतः एकदा आला, बरोबर दुसरा एक मुलगा. जिना चढून दोघांना धाप लागली होती. आमच्या खोलीत वर दोरीला सांगाडे टांगलेले असतात, त्यातला एक त्याच्या डोक्याला लागला.

"मावशी, हे सगळं तुम्ही बनवता? क्यूट आहे."

दुसरा हसला. मी चहा टाकला. मुलीच्या बोलण्यात मी ऐकलेलं होतं, टीममधल्या बाकीच्या मुलांच्या आया ह्याला काकू. मावशी म्हणजे त्याच्या घरी भांड्यांना येणारी. मी त्याच्या घरी कामाला नाही, तरी त्याने मला बघितल्याबरोबर मावशी केली. चहा त्याने अर्धा ठेवला.

मुलीने महिनाभर त्या हाताशी मारामारी केली. नळ्यांना भोकं पाडली, वजन थोडं उतरलं, पण नळी भोकाशीच वाकली. मग प्लास्टिकचा पाइप आणला, तो उन्हात ठेवलेल्या मेणबत्तीसारखा लोंबायला लागला. वह्यांची पानंच्या पानं आकड्यांनी भरली. मी कामट्या तासता तासता बघत होते. शेवटी राहवलं नाही.

"ही मोटर मनगटाशी कशाला?"

"पकड उघडायला-मिटायला."

"ती खाली बुडाशी ठेव आणि दोरीने ओढ. पाळण्याची दोरी ओढणारी बाई पाळण्यात बसते काय?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग चिडून म्हणाली, "आई, हा कंदील नाही."

"मी कंदील म्हटलं?"

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मोटर खाली आलेली होती आणि वरपर्यंत सायकलच्या ब्रेकची तार गेलेली होती. मला काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आमच्या घरात माघार अशीच घेतात.

पण नळ्या तशाच जड होत्या. तेव्हा मी एका सकाळी, गॅलरीत उजेड चांगला असताना, माणग्याचा एक वाळलेला बांबू घेतला आणि तिला न विचारता बसले. माणगा आमच्या कोकणातला, आतून जवळजवळ भरीव. त्याच्या तीन लांब कामट्या काढल्या. बांबूची ताकद पाठीत असते, पोटात नसते, म्हणून पाठ बाहेर ठेवून पोट तासत गेले. तिन्ही कामट्यांची पेरं एका रांगेत येऊ दिली नाहीत, नाहीतर सगळं तिथेच मोडतं. तिकोनी बांधणी केली, खांद्याकडे चार बोटं रुंद आणि टोकाकडे दोन. मधल्या कामट्या तिरक्या घातल्या, एक अशी, एक तशी. सरळ आडव्या घातल्या की सांगाडा एका अंगाला कलतो, हे कुणीही कंदीलवाली सांगेल.

मुलगी आली, ओणवी होऊन बघत राहिली. मग वही घेऊन शेजारी बसली. "ही तिरकी इथे जाड हवी, आणि इथे पातळ चालेल," ती म्हणाली. "इथे ती दाबली जाते, तिथे ओढली जाते." तिने आकडे काढून माझ्या कामट्यांवर पेन्सिलीने खुणा केल्या. सात कामट्या मी नुसत्या सवयीने जाड ठेवल्या होत्या. तिने त्या अर्ध्यावर आणल्या. तेवढी दुपार आमची भांडणाशिवाय गेली. अशा दुपारी मला मोजता येतील इतक्याच आहेत.

बांबूला भोक पाडून स्क्रू मारता येत नाही, तो चिरतो. सांधे सुताने बांधायचे. सूत खळीत भिजवायचं, ओलं असताना ओढून गुंडाळायचं, वाळलं की ते आवळतं आणि दगड होतं. मी स्टोव्हवर चिंचोक्याच्या पिठाची खळ शिजवायला घेतली. वास गॅलरीत गेला असणार. हे उठून दारात आले. किती वर्षांनी ते माझ्याशी सरळ बोलले, आठवत नाही.

"मोरचूद घातलंस काय गो?"

मोरचूद म्हणजे ते निळे विषारी खडे. सायझिंगच्या खळीत टाकायचे, म्हणजे खळीला बुरशी धरत नाही आणि किडे शिवत नाहीत.

मी पातेल्यातून नजर न काढता म्हटलं, "कंदिलाक कोण मोरचूद घालता?"

"ह्यो कंदील आसा काय?"

मी खळ ढवळत राहिले. कंदील पंधरा दिवस टांगायचा आणि मग कचऱ्यात, त्याच्या खळीत मोरचूद घालून पैसे आणि हात कोण खराब करणार? आम्ही कुणीच घालत नाही. हा हात महिनोन्‌महिने राहणार, हे मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर ते म्हणाले तेव्हाच कळलं. पण वीस वर्षं खुर्चीत बसलेल्या माणसाने उठून मला खळ शिकवावी, हे मला सहन झालं नाही. मी पातेलं उतरवलं. ते परत खुर्चीत जाऊन बसले.

वाळल्यावर हात घेऊन मी खाली गेले. चाळीच्या तोंडाशी टोपली घेऊन कोळीण बसते, तिच्या तागडीत ठेवला.

"काय गो, आता कंदील किलोवर इकतेस? बोंबलासंगती देऊ काय येक?"

"वजन सांग. माशी बसवू नकोस वर."

"माशी बसली तं वजन वारंल, तुजाच फायदा!" तिने वजनं काढली, घातली, परत काढली. तीनशे दहा ग्रॅम. अ‍ॅल्युमिनियमचा हात पावणेदोन किलोचा होता. मुलीने जिन्यातच मला मिठी मारली आणि लगेच सोडली. आमच्यात ती पद्धत नाही.

कॉलेजात चाचणी झाली, हात पहिल्या फटक्यात चालला. गाडी नाकावर पडली नाही. मागचं वजनही काढून टाकता आलं. कॅप्टन म्हणाला, "लुक थोडा गावठी आहे, काळा स्प्रे मारू." यादीत त्याने मुलीचं नाव चौथं लिहिलं. मग कॉलेजच्या परीक्षा लागल्या. रोबो वर्कशॉपच्या मागच्या कोठीत ठेवून दाराला कुलूप लागलं. त्या कोठीशेजारी कॅन्टीनची मोरी होती.

परीक्षा संपल्यावर स्पर्धेला सहा दिवस राहिले होते. त्यांनी रोबो बाहेर काढला, कड्या मांडल्या, रिमोट कॅप्टनच्या हातात. दोन कड्या नीट गेल्या. तिसरी उचलताना हात कोपराशी पिळवटला, सांधे सुटत गेले आणि कामट्या खाली येऊन गाडीच्या सांगाड्यात अडकल्या. अडकलेली मोटर फिरू शकत नव्हती. कॅप्टनने बटण सोडलं नाही. "सोड, सोड, जळेल!" मुलगी ओरडत होती. तो दाबतच राहिला, जोर लावल्यावर निघेल असं त्याला वाटत होतं. धूर आला तेव्हा बोट काढलं.

मग तो सगळ्यांसमोर म्हणाला, "कंदील लावला होता ना गाडीला. काय होणार दुसरं?"

मोटर चार हजार दोनशेची. बाहेरून मागवलेली. ते पैसे हिने भरायचे आणि यादीतलं नाव काढायचं, असं त्याने तिथेच ठरवलं. बाकीच्या चौघांपैकी कुणी तिची बाजू घेतली नाही. सर वर्कशॉपमध्येच होते. ते म्हणाले, "तुमचं तुम्ही आपसात बघा. यादी शुक्रवारी पाठवायची आहे."

ती मोडलेला हात पिशवीत घालून घरी घेऊन आली, जमिनीवर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. मी सांधे हातात घेतले. सूत जागोजागी कुरतडलेलं होतं, खळ चाटून साफ केलेली. कुणाचं काम ते मला कळलं. हे आत आले. एक धागा उचलून नाकाशी नेला.

"झुरळां," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "संपापर्यंत ह्याच खळीत हात घातलंय मी. माका विचारलंस असतंस तर जीभ झडली असती काय तुझी?"

"तुम्ही वीस वर्षं काय विचारलंत मला?" मी म्हटलं. "तेल आहे काय, पीठ आहे काय, एकदा तरी?"

"आई, बाबा, गप्प बसा," मुलगी भिंतीकडे बघत म्हणाली.

ते सदऱ्यावरच खाली उतरले. अर्ध्या तासाने कागदाच्या पुडीत मोरचूद घेऊन आले, पातेलं माझ्यासमोरून उचललं आणि स्टोव्हपाशी उकिडवे बसले. किती पीठ, किती पाणी, कधी निळे खडे, सगळं त्यांनी न मोजता घातलं. चमच्यावरून खळ कशी पडते ते बघत होते. मी कामट्या तासायला घेतल्या. सामोपचार वगैरे काही झाला नाही. त्या दिवशी आम्ही एवढंच बोललो, तेही भांडायला. पण खळ अशी झाली होती की मी तशी कधी केली नाही, हे लिहिलं पाहिजे.

सांधे घरी बांधले असते, पण मला ते तिथे बांधायचे होते, त्याच्यासमोर. हे मला कुठून सुचलं ते मला माहीत नाही. मी डॉक्टरकडेसुद्धा शेजारणीला बोलायला बरोबर नेणारी बाई. बुधवारी सकाळी कामट्या, सूत आणि झाकणाच्या डब्यात खळ घेऊन मुलीच्या मागून कॉलेजच्या गेटवर गेले. वॉचमनने अडवलं.

"साफसफाईवाल्या बायका मागच्या गेटने."

मुलगी त्याच्या अंगावर जाणार होती. मी तिचा हात धरला आणि मागच्या गेटने गेले. पोचणं महत्त्वाचं होतं.

वर्कशॉपमध्ये खिडकीखाली जमिनीवर बसले. मुलं भोवती उभी राहिली. सूत भिजवलं, दातात एक टोक धरलं आणि बांधायला लागले. मोरचुदाची चव जिभेला लागली, कडू आणि तुरट, तशी थुंकले. कॅप्टन हाताची घडी घालून बघत होता.

"मावशी, हे परत तेच चाललंय ना? परत कंदील?"

मी पुढचा सांधा आवळला.

"किती वेळ लागेल पण?"

"वाळेपर्यंत."

"ड्रायर आणू का, केस वाळवायचा?" दुसरा एक म्हणाला. ते हसले.

"नको. पंखा तिकडे वळव," मी म्हटलं. त्याने वळवला. हसणारा तोच होता, वळवणाराही तोच.

दुपार उलटेपर्यंत मी तिथेच बसून होते. कुणी पाणी विचारलं नाही. सर दोनदा आले, बघून गेले. सांधे नखाने वाजवून बघितले, टणक वाजले, तेव्हा मुलीला खूण केली. तिने हात गाडीवर चढवला. जळालेल्या मोटरीच्या जागी त्यांनी जुनी एक बसवली होती.

"आता काय करायचं?" कॅप्टनने विचारलं. "कडी उचलून दाखवणार? मागच्या वेळीही उचलली होती."

त्याची सॅक बाकावर होती. पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली, सगळं आत. मी ती उचलून टोकाला अडकवली. कड्यांच्या कितीतरी पट जड. मुलगी घाबरली, "आई, नको." हात वाकला, धनुष्यासारखा, बोटभर खाली आला आणि थांबला. एकही सांधा कुरकुरला नाही. मी सॅक तशीच ठेवली. बराच वेळ ती तिथे लटकत होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण मोटरचे पैसे..."

मोटर कुणाच्या बोटाने जळली ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मला मुलीने सांगितलेलं होतं. मी ते म्हणू शकले असते. म्हटलं असतं तर वाद झाला असता, सर आले असते, शुक्रवार गेला असता. आणि बटण त्याने दाबलं असलं तरी खळ माझी होती. मी झुरळांना वाढून ठेवली होती.

"देईन," मी म्हटलं. "सगळे देईन. महिन्याच्या महिन्याला. आधी नाव लिही."

"लिहितो हो."

"आत्ता."

माझा आवाज मलाच परका वाटला. त्याने वही काढली आणि चौथं नाव परत लिहिलं. मी ते वाचून बघितलं. वाचता येतं मला, तेवढं येतं.

स्पर्धेला मी गेले नाही. ती बाहेरच्या एका कॉलेजात होती. मुलगी संध्याकाळी आली ती शर्टाला वंगण लागलेली, केस विस्कटलेली. दोन फेऱ्या जिंकले, तिसरीत चाक घसरलं आणि बाहेर पडले. हात शेवटपर्यंत टिकला. परीक्षकांतले एक गृहस्थ खाली बसून हात बघत राहिले होते, म्हणाले, हे डिझाइन कुणाचं?

"मग?"

"तो म्हणाला, टीमचं."

"आणि तू?"

ती चप्पल काढत होती. "आई, तिथे ते सांगायची जागा नव्हती."

मला त्या मुलापेक्षा तेव्हा तिचा राग आला. मी ताट वाढलं आणि तिच्याशी बोलले नाही. ती जेवता जेवता रडली, तरी बोलले नाही. आता वाटतं की पाच मुलग्यांत ती एकटी उभी होती आणि मीही सॅक टांगण्यापलीकडे काय बोलले होते? पण हे आत्ता वाटतं. तेव्हा वाटलं नाही, आणि खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे. प्रमाणपत्र तिला मिळालं, त्यावर तिचं नाव होतं. पुढे नोकरीच्या मुलाखतीत तिला त्या हाताबद्दलच विचारलं. तेव्हा तिने माझं नाव घेतलं असं म्हणते. मी विचारून खात्री केलेली नाही.

पैसे मी दर महिन्याला स्वतः नेऊन द्यायचे. मुलीच्या हाती पाठवले नाहीत. तिला त्याच्यासमोर नोटा काढाव्या लागल्या असत्या. प्रभादेवीला त्यांचं घर, आतल्या गल्लीत, तिसरा मजला. पहिल्यांदा त्याच्या आईने दार उघडलं. तिला काही माहीत नव्हतं. मी पाचशे रुपये पुढे केले आणि कशाचे ते सांगितलं.

"अहो, राहू द्या," ती म्हणाली. "मुलांचं काय एवढं मनावर घ्यायचं? आम्हाला काय कमी आहे?"

ती चांगल्या मनाने म्हणाली असेल. पण त्याने मागितले तेव्हा जेवढा राग आला नव्हता तेवढा मला ह्या बाईचा आला. माझे पैसे तिला इतके लहान वाटले की ते घ्यायलासुद्धा ती वाकेना.

"तुम्हाला कमी नसेल," मी म्हटलं. "मी बोलले आहे देईन म्हणून."

नोटा चपलांच्या कपाटावर ठेवून आले. पुढच्या महिन्यापासून तिने मला बसा म्हटलं नाही, मलाही बसायचं नव्हतं. सुट्टीत मखरांचं काम कमी होतं, तेव्हा दोन महिने तीनशेच नेले. गणपतीच्या आधी व्यापाऱ्याचे पैसे अडकले, त्या महिन्यात ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून दोनशे काढून माझ्या तासणीशेजारी ठेवले. ते कुठून आले हे मला नंतर कळलं. लोअर परळला नवीन बांधलेल्या एका बिल्डिंगच्या गेटवर ते महिनाभर उभे राहिले होते. जुन्या गिरणीच्या जागेवरची बिल्डिंग. मला सांगितलं नव्हतं आणि मी आभार मानले नाहीत. ते पैसे मी घेतले, एवढंच.

दिवाळीचा माल संपल्यावर शेवटचे सातशे राहिले होते. ते एकदम घेऊन गेले. दार त्याने उघडलं. कॉलेज संपत आलं होतं, त्याला नोकरी ठरली होती असं मुलीकडून ऐकलं होतं. त्याने मला ओळखलं.

"हे शेवटचे," मी म्हटलं.

"मावशी, खरं तर... मोटर तेव्हा माझ्याकडूनच..." तो थांबला. "म्हणजे, नसते दिले तरी चाललं असतं."

"मोज."

"अहो, असतील बरोबर."

"मोज," मी म्हटलं. "माझ्यासमोर."

त्याने दारातच उभ्या उभ्या मोजले. शंभराच्या पाच, पन्नासाच्या तीन, दहाच्या पाच. एकदा चुकला, परत पहिल्यापासून मोजले. त्याचे कान लाल झाले होते. मी ते बघत उभी राहिले, मला घाई नव्हती.

"सातशे. बरोबर," तो म्हणाला.

"सगळे मिळून?"

"चार हजार दोनशे. पूर्ण झाले."

मी मान हलवली आणि जिना उतरले.